आक्काच्या माहेरचं

नर्सनं दुपट्यात गुंडाळलेलं बाळ पुढं केलं आणि आक्कानं पुढं केलेले हात मागं घेतले.

"हे आमचं न्हवं," ती म्हणाली. "आत बदलाबदली झालीया. जाऊन बघा की नीट."

"आजी, सकाळपासून एकच बाळंतीण झाली आहे," नर्स म्हणाली. "मुलगी आहे. घ्या."

आक्कानं घेतलं नाही. विश्वजितनं घेतलं. बाळाची कातडी पांढरी होती, गोरी नव्हे, पांढरी, आणि खालचं रक्त दिसावं तशी गुलाबी. डोक्यावरचं जावळ मक्याच्या कणसाच्या केसांसारखं. पापण्यासुद्धा पांढऱ्या. विश्वजित काळासावळा, त्याची आई सावळी, बायको गव्हाळ. तो बाळाकडं बघत राहिला, मग त्यानं ते नर्सच्या हातात परत दिलं आणि जिना उतरून खाली गेला. संयोगितानं खाटेवरून विचारलं, "कुठं गेले?" त्यावर आक्का म्हणाली, "तोंड लपवायला."

आक्का ही विश्वजितची आई, कोडोलीच्या केरबा आणि बाळासो या दोघा भावांची थोरली बहीण. कागलात दिलेली. केरबाची बायको पोरगी लहान असतानाच गेली, तेव्हापासून संयोगिताची प्रत्येक सुट्टी कागलात आत्तीकडं गेली. आत्तीनंच तिच्या वेण्या घातल्या, तिला भाकरी थापायला शिकवली. पोरगी कॉलेजात गेली तशी आक्कानं केरबाला सांगून टाकलं, "संयू माझ्या घरात येणार. दुसरीकडं बघायचं न्हाई." मामाची पोरगी करण्यात आमच्या भागात कुणाला काही वावगं वाटत नाही. उलट लग्नात सगळे म्हणाले, घरची पोरगी घरात राहिली. विश्वजित कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एका कारखान्यात सुपरवायझर होता. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी कंपनीनं त्याला काही महिने पुण्याला ट्रेनिंगला पाठवलं. तेवढे दिवस संयोगिता कोडोलीत बापाकडं राहिली आणि रिकामं बसवेना म्हणून पन्हाळ्यावरच्या एका हॉटेलात रिसेप्शनला जाऊ लागली. विश्वजित शनिवारी-रविवारी कोडोलीला यायचा. सगळं सगळ्यांना माहीत होतं. हॉटेलात गोरे पर्यटक उतरतात, हेही माहीत होतं. पण ते आठवायची गरज कुणाला पडली नव्हती.

आता पडली. बाळंतीण कोडोलीला पोचायच्या आत गोष्ट कोडोलीला पोचली.

बारशाला कागलाहून कोणी आलं नाही. पाळणा केरबानंच बांधला. शेजारच्या बायका आल्या, पाळण्यात डोकावल्या आणि घुगऱ्या न घेताच घाईनं निघाल्या. नाव संयोगितानंच ठेवलं, तेजस्वी. त्यावरही वाडीवस्तीवर हसणं झालं, म्हणे नाव तर अगदी शोभतंय.

हे सगळं तिनं सोसलं असतं. पण एका संध्याकाळी केरबा म्हशींची धार काढून आला, बादली खाली ठेवली आणि तिच्याकडं न बघता म्हणाला, "संयू, काय असंल ते बापाला सांग. मी कुणाला बोलणार न्हाई."

संयोगिता पोरीला पाजत होती. तिनं पदर सारखा केला.

"काय सांगू?"

"खरं काय ते."

"तुमास्नी बी तसंच वाटतंय व्हय, आण्णा?"

"मला काय वाटतंय, त्याला काय किंमत हाय? लोक..."

"लोकांचं न्हाई विचारलं मी."

केरबानं बादली उचलली आणि तो आत गेला. त्या दिवसापासून ती बापाला जेवायला वाढायची, पण समोर बसायची नाही.

पोरगी उजेडात डोळे उघडत नव्हती. उघडले तर बुबुळं डावी-उजवीकडं थरथरत राहायची, एका जागी ठरायची नाहीत. संयोगिता तिला घेऊन एकटीच एसटीनं कोल्हापुरात गेली. मुलांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि दुसऱ्या एका हॉस्पिटलात, आनुवंशिक आजारांच्या डॉक्टरकडं पाठवलं. डॉक्टर तहरीम तिशीतल्या, बारीक बांध्याच्या बाई होत्या. त्यांनी खोलीतला दिवा मंद केला, पोरीचे डोळे पाहिले, जावळावरून हात फिरवला आणि विचारलं, "नवरा नात्यातला आहे का?"

"आत्तीचा पोरगा."

"सख्ख्या आत्याचा?"

"सख्ख्या."

डॉक्टरांनी मान हलवली. संयोगिताला कुणीतरी पहिल्यांदाच असा प्रश्न विचारला होता, ज्यात आरोप नव्हता.

"याला वर्णहीनता म्हणतात," डॉक्टर म्हणाल्या. "कातडीला, केसांना, डोळ्यांना रंग देणारं द्रव्य तिच्या अंगात तयार होत नाही. बुद्धीला काही धक्का नाही. नजर कमी राहील, उन्हापासून आयुष्यभर जपावं लागेल. हे आईबाप दोघांकडून येतं. एकट्याकडून येत नाही."

"दोघांकडनं?"

"दोघांकडून. तुम्हा दोघांचं, आत्याचं आणि वडिलांचं रक्त तपासून नक्की सांगता येईल."

संयोगितानं तेवढं वाक्य धरून ठेवलं.

पुढच्या आठवड्यात भावकीची बैठक बसली, केरबाच्याच अंगणात. कागलाहून आक्का आणि विश्वजित आले. चार थोरली माणसं सतरंजीवर, बायका पडवीत. बाळासो मात्र भावाच्या शेजारी न बसता बहिणीच्या शेजारी बसला. ते का, हे थोड्याच वेळात कळलं.

"लांबण लावायची न्हाई," आक्का म्हणाली. "काडीमोड पायजे. राजीखुशीनं द्या, न्हाईतर कोर्टात जाऊ. माझ्या पोराच्या गळ्यात दुसऱ्याचं पोर मी बांधून घेणार न्हाई."

"आक्का, तुझ्या हातानं वाढलेली पोरगी हाय ती," केरबा म्हणाला.

"म्हणून तर जास्त आग होतीया! माझ्या हातचं खाऊन माझ्याच तोंडाला काळं फासलं."

"आणि मग विश्वजितचं काय?" एका म्हाताऱ्यानं विचारलं.

आक्कानं बाळासोकडं बघितलं. "त्याचं ठरलंय. बाळासोची मोना करायची. माहेर मी तोडणार न्हाई. एक पोरगी नासली म्हणून सगळं माहेर नासकं होत न्हाई."

केरबानं भावाकडं मान वळवली. बाळासो सतरंजीचा धागा ओढत होता.

"बाळ्या," केरबा म्हणाला, "माझ्या पोरीच्या जागी तुझी पोरगी बसवालाईस?"

"तुझ्या पोरीनं जागा सोडली, त्याला मी काय करू?" बाळासो म्हणाला. "स्थळ चांगलं हाय. घरचं हाय."

केरबा उठला. दोघं एकमेकांच्या अंगावर जायच्या बेतात होते, लोकांनी ओढून बसवलं. पडवीत चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली मोना तिथंच थिजली होती. तिनं अजून बीएस्सीचं शेवटचं वर्ष दिलं नव्हतं, आणि ही ठरलेली गोष्ट ती सगळ्यांबरोबरच ऐकत होती.

संयोगिता पोरीला घेऊन अंगणात आली. चारचौघांत ती नवऱ्याला 'तुम्ही' म्हणायची. त्या दिवशी म्हणाली नाही.

"विश्वजित, तू बोल. ही पोरगी तुझी न्हाई?"

विश्वजितनं आईकडं बघितलं.

"तिकडं न्हाई, हिकडं बघ. सगळ्यांच्या म्होरं बोल."

"न्हाई," विश्वजित म्हणाला. "बघणाऱ्याला कळतंय की. माझी न्हाई."

संयोगिताचा चेहरा बदलला नाही. ती म्हणाली, "बरं. मी काडीमोडावर सही करतो. पण एक अट हाय. कोल्हापुरात डॉक्टर हाईत, त्या रक्त तपासत्यात. पोरीचं, माझं आणि तुझं. आणि आत्तीचं बी."

"माझं?" आक्का उसळली. "माझं कशापायी? बाळंत मी झालोय व्हय?"

"भीती वाटत्या?"

"मला? अगं, तुझ्या पापाला भीती वाटायची सोडून मला सांगतीस? चल. आत्ता चल. माझं रक्त घे, माझ्या पोराचं घे, आणि रिपोर्ट ह्या अंगणात वाचून दाखवायचा!"

"आण्णांचं बी घ्यायचं," संयोगिता म्हणाली. बापाकडं तिनं तेव्हाही बघितलं नाही.

रक्त दिलं गेलं. रिपोर्टला काही आठवडे लागणार होते, ते आठवडे फार वाईट गेले. आक्का फोन करून कोडोलीतल्या ओळखीपाळखीच्यांना सांगायची, आता मशीनच बोलणार. डेअरीत केरबाला कुणी नीट बोलेना. बाळासोच्या घरी साड्यांची खरेदी झाली, अशी आवई उठली. ती खरी होती.

शेवटी डॉक्टर तहरीमनी सगळ्यांना बोलावलं. खोली लहान होती. एका बाजूला आक्का आणि विश्वजित, दुसऱ्या बाजूला केरबा आणि मांडीवर पोर घेतलेली संयोगिता. बाळासो दारात उभा, आणि त्याच्या मागं मोना. तिला कुणी बोलावलं नव्हतं. बापाच्या मोटरसायकलवर ती स्वतःहूनच बसून आली होती.

"सांगा, डॉक्टरीणबाई," आक्का म्हणाली. "पोर कुणाचं हाय तेवढं सांगा. बाकीचं काय नको."

"आजी, इथं कुणाच्या चारित्र्याची तपासणी होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मूल असं का झालं, ते मी सांगणार आहे. त्यात तुमच्या प्रश्नाचं उत्तर येईल. विश्वजित, संयोगिता, तुम्ही दोघं दोन्ही हात वर करा."

विश्वजितला ते पोरखेळ वाटलं, पण त्यानं केलं. संयोगितानं पोरगी केरबाच्या मांडीवर दिली आणि हात वर केले. बऱ्याच दिवसांनी नवरा-बायको समोरासमोर होते, तेही असे, हात वर करून.

"शरीरातल्या प्रत्येक कामाची सूचना आपल्याकडं दोनदा असते," डॉक्टर म्हणाल्या. "एक आईकडून आलेली, एक बापाकडून. त्यालाच जनुक म्हणतात. हे दोन हात म्हणजे त्या दोन सूचना. काम आहे रंग तयार करायचं. आता दोघंही एक-एक मूठ मिटा. मिटलेला हात म्हणजे बिघडलेली सूचना. उघडा हात चांगला."

दोघांनी एकेक मूठ मिटली.

"विश्वजित, तुमचा एक हात मिटलेला आहे. तरी तुम्ही काळेसावळे आहात, कारण उघड्या हातानं काम भागतं. तुम्हाला आयुष्यभर कळणारही नाही की दुसरा हात मिटलेला आहे. संयोगिताचंही तसंच. मूल होताना प्रत्येक जण एकच हात देतो. कुठला द्यायचा, ते आपल्या हातात नसतं. दोघांनी उघडा दिला, मूल ठीक. एकानं उघडा दिला, दुसऱ्यानं मिटलेला, तरी मूल ठीक, तुमच्यासारखंच. पण दोघांनीही मिटलेला दिला..." त्यांनी दोघांच्या मुठी एकमेकींना लावल्या. विश्वजितनं हात झटकन मागं घेतला. "तर काम करायला हातच उरत नाही. रंग तयार होत नाही. चारात एकदा असं होऊ शकतं. दर बाळंतपणाला नव्यानं."

"म्हणजे?" विश्वजितनं विचारलं.

"म्हणजे तुमच्याकडून मिटलेली मूठ आल्याशिवाय ही मुलगी अशी जन्मालाच येत नाही. आणि तुमच्या रक्तात ती सापडली आहे. संयोगिताच्या रक्तातही सापडली, आणि हुबेहूब तीच. मुलीच्या रक्तात तर तीच दोनदा आहे. इतकी दुर्मीळ खोट परक्या माणसाकडून अशी जुळून येत नाही. मुलगी तुमची आहे."

विश्वजित खुर्चीत मागं टेकला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"हे खोटं हाय," आक्का म्हणाली.

"आजी, दोघांकडं तीच खोट का, हेही बघितलं मी. विश्वजितला ती तुमच्याकडून आली. संयोगिताला तिच्या वडिलांकडून. आणि तुम्हा बहीणभावांना तुमच्या आई किंवा वडिलांकडून. त्यांच्यातल्या एकाचा हात मिटलेला होता, तो तुम्हा दोघांनाही मिळाला. तुम्ही वेगवेगळ्या घरांत मुलं दिली असती तर कदाचित तो कधी दिसलाही नसता. तुम्ही एकाच घरातल्या दोन मुठी एकत्र आणल्या."

"माझ्यात खोट?" आक्का ताडकन उठली. "माझ्या आईबापात खोट? अगं, आमच्या घराण्यात आजवर कुणी असं न्हाई झालं! तू कोण मला सांगणार? कुठनं शिकून आलीस? पैसे चारलं असणार हिनं!"

"आई, खाली बस," विश्वजित म्हणाला.

"तू गप! बाईलबुद्ध्या!"

"खोट म्हणजे पाप नव्हे, आजी," डॉक्टर शांतपणे म्हणाल्या. "प्रत्येक माणसाच्या अंगात अशा काही मिटलेल्या मुठी असतातच. माझ्याही असतील. आमच्यातही नात्यात लग्नं होतात, म्हणून मी हे काम शिकले."

आक्कानं ऐकलं नाही. तिनं भावाकडं बोट केलं. "तुझ्याकडनं आलंय हे! तुझ्याकडनं! माझं रक्त चोख हाय!"

केरबा पोरीला छातीशी धरून बसला होता. "आक्का," तो म्हणाला, "माझी आन तुझी आई काय दोन हुत्या?"

आक्कानं पिशवी उचलली आणि ती दाराकडं निघाली. दारात बाळासो होता.

"बाळासो, चल. मोनाचं पुढच्या महिन्यात उरकून टाकू."

बाळासो हलला नाही. त्यानं डॉक्टरांना विचारलं, "बाई, मी ह्यांचा सख्खा भाऊ. मग माझ्यात बी...?"

"असू शकतं, नसूही शकतं. तुमच्यात असलं, तर तुमच्या मुलीत यायची शक्यता निम्मी. तपासावं लागेल."

"तपासायचंच न्हाई," मोना मागून म्हणाली. तिचा आवाज चढा होता. "कारण लगीन हुणारच न्हाई. तात्या, मला एकदा तरी विचारलंसा काय? म्हशीचं दावं सोडल्यागत हिकडचं तिकडं बांधाया निघालासा. संयूताईची काडीमोड व्हायच्या आधी माझ्या साड्या घेतल्यासा. लाज वाटाय पायजे हुती."

बाळासोनं तिच्यावर हात उचलला. विश्वजितनं तो धरला. "मामा, ऱ्हाऊ दे. मला बी करायचं न्हाई," तो म्हणाला.

"आता न्हाई करायचं व्हय तुला?" मोना त्याच्यावरही उलटली. "काल परवा फोनवर मला मेसेज करत हुतास की!"

विश्वजितचा चेहरा उतरला. संयोगितानं हे ऐकलं. तिनं केरबाच्या मांडीवरून पोरगी उचलली.

आक्का एकटीच जिना उतरून गेली. तिनं रिक्षा केली आणि थेट कागल गाठलं. त्यानंतर ती कोडोलीच्या वाटेला गेली नाही. दोन्ही भावांशी तिचं बोलणं तुटलं. कागलात ती आजही सांगते की रिपोर्ट खोटा आहे.

खाली फाटकापाशी विश्वजितनं संयोगिताला गाठलं.

"चल घरी," तो म्हणाला. "चुकलो मी. आता सगळं कळलंय न्हवं."

"काय कळलंय?"

"पोरगी माझी हाय ते."

"मला तर आधीपासनं ठावं हुतं. मी सांगितलं तवा कळलं न्हाई तुला. मशीननं सांगितलं तवा कळलं."

"कुणाला बी असंच वाटलं असतं, संयू."

"कुणाला बी वाटू दे. तू शनिवारी-रविवारी माझ्याजवळ हुतास. तू कुणी बी न्हवतास."

विश्वजित म्हणाला, "आता काय करू म्हणतीस?"

"ज्या अंगणात न्हाई म्हणालास, त्याच अंगणात त्याच माणसांच्या म्होरं व्हय म्हण. आईला इचारून येऊ नको. आणि मोनाला काय मेसेज केलेस ते बी सांग, तिथंच."

"लोकांत? माझी काय इज्जत ऱ्हाईल?"

"माझी राहिली तेवढी."

तो निघून गेला. केरबा मागं उभा होता. तो म्हणाला, "संयू, माझं बी चुकलं. पोरी, मी बाप असून..."

"व्हय, चुकलं," संयोगिता म्हणाली, आणि स्टँडकडं चालू लागली. केरबा मागून चालला, चार पावलं अंतर ठेवून.

विश्वजित लगेच आला नाही. आक्कानं त्याला घरात कोंडून घातल्यागत केलं होतं. जाशील तर माझं मेलेलं तोंड बघशील, म्हणाली होती. उन्हाळा सरत आला तेव्हा तो आला. केरबानं माणसं बोलावली. सगळी तीच होती, फक्त बाळासो आला नाही. विश्वजित उभा राहिला. तो म्हणाला, "पोरगी माझी हाय. हे माझ्या अंगातनं बी आलंय, माझ्या आईकडनं. संयोगिताचा काय दोष न्हाई. मी तिला नको ते बोललो. आणि दुसरं लगीन करायला मी आतनं तयार झालतो, मोनाला तसं बोललो बी हुतो." एवढं बोलून तो खाली बसला. कुणी त्याची समजूत घातली नाही. एक म्हातारी पुटपुटली, "बापईगडी असला तरी कबूल करायला तोंड हाय म्हणायचं."

संयोगिता त्या दिवशीही त्याच्याबरोबर गेली नाही. कागलच्या त्या घरात पाय ठेवणार नाही, हे तिनं सांगितलं होतं आणि ते तिनं आजवर पाळलं. पावसाळ्यानंतर विश्वजितनं कोल्हापूरजवळ उजळाईवाडीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि तिथं ते तिघं राहू लागले. त्यांचं पटलं, असं म्हणता येणार नाही. भांडण लागलं की संयोगिता अजूनही त्या अंगणातला त्याचा शब्द काढते आणि तो उठून बाहेर जातो. रात्री परत येतो. एकदा त्यानं आणखी एक मूल हवं असं सुचवलं. तेव्हा ती म्हणाली, "चारात एकदा, दरवेळी नव्यानं. ह्या खेपेला बी तसंच झालं, तर आधी काय बोलशील ते आत्ता बोलून दाखव." तो विषय तिथंच राहिला.

तेजस्वी आता बालवाडीत जाते. पहिल्या रांगेत बसते, कागद नाकाशी धरून बघते आणि कुणी तिचे केस ओढले तर चावते. बाईंनी तक्रार केली तेव्हा संयोगिता शाळेत गेली आणि म्हणाली, "चावू दे. आधी ओढणाऱ्याला सांगा."